कार्डाचे पॉइंट्स एअरलाइनकडे कधी वळवायचे? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

क्रेडिट कार्ड घेऊन वर्ष-दीड वर्ष झालं की बँकेच्या ॲपमध्ये पॉइंट्सचा बऱ्यापैकी आकडा दिसायला लागतो. त्याच्या शेजारीच एअरलाइनकडे ट्रान्सफर करायची सोय असते. फुकट विमानप्रवासाच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, त्यामुळे ते बटण दाबायला हात शिवशिवतात. ते दाबण्याआधी काय काय बघायचं, ते मी इथे क्रमाने सांगते आहे. मी स्वतः हा क्रम उलटा करून पॉइंट्स अडकवून बसले होते, ती गोष्टही पुढे येईल.

त्याआधी एक अट. कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरत असाल तरच पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे. थकबाकीवर लागणारं व्याज पॉइंट्सच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातं. बिल थकलेलं असेल तर पॉइंट्स विसरा आणि आधी ते फेडा.

आधी हे समजून घ्या: गेलेले पॉइंट्स परत येत नाहीत

बँकेतले पॉइंट्स आणि एअरलाइनचे माइल्स (म्हणजे एअरलाइनचे स्वतःचे पॉइंट्स) या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बँकेकडे असेपर्यंत त्या पॉइंट्सना अनेक वाटा मोकळ्या असतात. दहा-पंधरा एअरलाइन्सपैकी कुठेही पाठवा, हॉटेलला वापरा, बँकेच्या ट्रॅव्हल पोर्टलवर तिकीट काढा, नाहीतर बिलात वळते करून घ्या. एकदा एका एअरलाइनकडे गेले की बाकी सगळ्या वाटा बंद. ट्रान्सफर रद्द होत नाही, आणि बँकेच्या कस्टमर केअरला कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग होत नाही.

शिवाय माइल्सची किंमत ठरवते ती एअरलाइन. मायलेज प्रोग्रामचं आजचं रूप 1981 साली अमेरिकन एअरलाइन्सच्या ॲडव्हांटेज या प्रोग्रामपासून सुरू झालं आणि काही दिवसांतच युनायटेडने आपला प्रोग्राम आणला. तेव्हापासून अनेक वर्षं बहुतेक एअरलाइन्स एक तक्ता छापायच्या: अमुक भागातून तमुक भागात जायला इतके माइल्स. डेल्टाने 2015 मध्ये तो तक्ता काढून टाकला, युनायटेडने 2019 मध्ये. आता अशा ठिकाणी तिकिटाला किती माइल्स लागतील हे मागणीप्रमाणे रोज बदलतं. आज 30,000 माइल्सना दिसणारी सीट सहा महिन्यांनी 45,000 ला दिसली तर तक्रार करायला जागा नाही. 'कधीतरी उपयोगी पडतील' म्हणून माइल्स साठवणं मला म्हणूनच पटत नाही. साठवायचेच असतील तर पॉइंट्स बँकेत साठवा.

तेव्हा क्रम असा: आधी प्रवास ठरवा, मग सीट शोधा, मग हिशेब करा, आणि ट्रान्सफर अगदी शेवटी.

पहिली पायरी: खाती आधीच उघडून ठेवा

हे काम आजच करण्यासारखं आहे. तुमची बँक ज्या ज्या एअरलाइन्सकडे पॉइंट्स पाठवते त्यांची यादी ॲपमध्ये असते. त्यातल्या तीन-चार उपयोगी वाटणाऱ्या प्रोग्राम्समध्ये फुकट सभासद व्हा. काही प्रोग्राम नव्या खात्यावर लगेच सगळ्या सोयी देत नाहीत, त्यामुळे ऐनवेळी खातं उघडायला गेलात की अडकता.

नाव मात्र डोळ्यांत तेल घालून भरा. बँकेत तुमचं नाव जसं आहे तसंच एअरलाइनच्या खात्यात हवं. आपली बरीच गडबड मधल्या नावाची होते. बँकेत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, एअरलाइनच्या फॉर्ममध्ये आपण फक्त नाव-आडनाव टाकतो, आणि ट्रान्सफर अडकते किंवा परत फिरते. पासपोर्ट, बँक आणि एअरलाइन या तिन्हीकडे एकच नाव असेल तर निम्मी डोकेदुखी कमी. लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर आधी कागदपत्रं एकसारखी करून घ्या.

दुसऱ्याच्या खात्यात पॉइंट्स पाठवायला बहुतेक बँका परवानगी देत नाहीत. आई-बाबांचं तिकीट काढायला त्यांचं खातं लागत नाही. तुमच्या खात्यातल्या माइल्समधून तुम्ही त्यांचं तिकीट काढू शकता. काही प्रोग्राममध्ये मात्र ज्यांच्यासाठी तिकीट काढायचं त्यांची नावं आधी यादीत टाकावी लागतात. ती अट वाचून ठेवा.

दुसरी पायरी: सीट शोधा, आणि खरी आहे का ते तपासा

माइल्सवर मिळणाऱ्या सीटला अवॉर्ड सीट म्हणतात. विमानात चाळीस जागा रिकाम्या असल्या तरी अवॉर्ड सीट दोनच असू शकतात, किंवा एकही नसते. आपला निम्मा वेळ या शोधातच जातो.

इथे अलायन्स, म्हणजे एअरलाइन्सचे गट, समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्टार अलायन्स 1997 मध्ये, वनवर्ल्ड 1999 मध्ये आणि स्कायटीम 2000 मध्ये सुरू झालं. एका गटातल्या एअरलाइनचे माइल्स वापरून त्याच गटातल्या दुसऱ्या एअरलाइनच्या विमानात बसता येतं. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या प्रोग्राममध्ये पॉइंट्स पाठवून लुफ्तान्साच्या विमानाचं तिकीट काढता येतं, कारण दोघी स्टार अलायन्समध्ये आहेत. एमिरेट्स आणि एतिहाद कुठल्याच गटात नाहीत, पण त्यांचे स्वतःचे वेगळे भागीदार आहेत. म्हणून 'मला ज्या विमानाने जायचं आहे त्याच एअरलाइनकडे पॉइंट्स पाठवायचे' हा समज आधी काढून टाका. एकच सीट तीन-चार वेगवेगळ्या प्रोग्राममधून मिळू शकते, आणि प्रत्येकाचा भाव वेगळा असतो.

शोधताना चार गोष्टी सांभाळा.

जितके प्रवासी असतील तितकेच टाकून शोधा. माझी चूक इथेच झाली. रात्री साडेअकराला आई-बाबांसाठी सीट शोधत होते. सर्चमध्ये आपोआप येणारा '1 प्रवासी' मी तसाच ठेवला. हव्या त्या तारखेला, हव्या त्या विमानात सीट दिसली. आनंदाच्या भरात दोघांना पुरतील इतके पॉइंट्स लगेच ट्रान्सफर केले. दुसऱ्या दिवशी दुपारी माइल्स जमा झाले, मी 2 प्रवासी टाकले, आणि स्क्रीनवर एकही विमान नाही. सीट खरोखर एकच होती. आसपासच्या पंधरा दिवसांत दोन सीट्स कुठेच मिळाल्या नाहीत. शेवटी त्यांची तिकिटं पैसे भरून काढली, आणि ते माइल्स माझ्या खात्यात वर्षभर नुसते पडून राहिले. बाबा फोनवर म्हणाले, "अगं, पॉइंट्सवर काढणार होतीस ना?" तेव्हापासून प्रवाशांचा आकडा मी दोनदा बघते.

दुसरी गोष्ट, ज्या प्रोग्राममधून बुकिंग करणार त्याच्याच साइटवर सीट दिसते का ते बघा. एका एअरलाइनच्या साइटवर दिसणारी सीट तिच्या भागीदाराला दिली जाईलच असं नाही. पुष्कळ एअरलाइन्स आपल्या सभासदांसाठी जास्त सीट्स राखतात. कधीकधी तर सीट दिसते पण बुक करायला गेलं की एरर येतो. जुनी माहिती साइटवर तशीच राहिलेली असते. म्हणून शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघा. प्रवाशांची नावं भरून कर आणि सरचार्जचा (एअरलाइन वर लावते त्या रकमेचा) नेमका आकडा समोर आला तर भरवसा बराच वाढतो. माइल्स नसल्यामुळे साइट आधीच थांबवत असेल तर कॉल सेंटरला फोन करा, विमानाचा नंबर आणि तारीख सांगा, आणि 'इतक्या प्रवाशांसाठी अवॉर्ड सीट दिसते का' असं सरळ विचारा. त्याच फोनवर सीट धरून ठेवता येईल का तेही विचारा. काही प्रोग्राम एक-दोन दिवस होल्ड देतात, आणि तसा मिळाला तर ट्रान्सफरचं सगळं टेन्शन जातं.

तिसरी, मध्ये विमान बदलायचं असेल तर प्रत्येक टप्प्याचा क्लास वेगळा बघा. वर मोठ्या अक्षरांत 'बिझनेस' लिहिलेलं असतं आणि तपशील उघडला की नऊ तासांचा टप्पा इकॉनॉमीत आणि दीड तासाचा बिझनेसमध्ये निघतो.

चौथी वेळेची. बऱ्याच एअरलाइन्स साधारण 330 ते 360 दिवस आधी तिकिटं खुली करतात, तेव्हा काही अवॉर्ड सीट्स येतात. पुढची लाट बऱ्याचदा निघायच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत येते, कारण न विकलेल्या जागा तेव्हा मोकळ्या केल्या जातात. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये आणि ठरलेल्या तारखांनाच जायचं असेल तर अकरा महिने आधी शोधायला बसा. तारखा पुढेमागे करता येत असतील तर काम बरंच सोपं.

तिसरी पायरी: हिशेब कागदावर करा

चलन कुठलंही घ्या. तिकिटाची रोख किंमत 48,000 आहे. माइल्सवर तेच तिकीट 30,000 माइल्स अधिक 9,000 कर-सरचार्जला मिळतंय. तुमच्या बँकेचा रेशो 2:1 आहे, म्हणजे दोन पॉइंट्सना एक माइल. तर 60,000 पॉइंट्स लागणार.

वाचले किती? 48,000 वजा 9,000, म्हणजे 39,000. त्याला 60,000 ने भागा. एका पॉइंटचे 0.65 मिळाले.

आता हा आकडा कशाशी ताडून बघायचा? बँकेच्या पोर्टलवर किंवा बिलात वळते करताना एका पॉइंटचे किती मिळतात त्याच्याशी. तिथे 0.50 मिळत असतील तर ट्रान्सफर फायद्याची. तिथे 0.70 मिळत असतील तर पोर्टलवरूनच तिकीट काढा आणि निवांत राहा.

आता याच उदाहरणात सरचार्ज 9,000 च्या जागी 21,000 धरा. वाचले 27,000, भागिले 60,000, म्हणजे 0.45. इतके पॉइंट्स गेले आणि वर 21,000 खिशातून. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. लांबच्या प्रवासात हे फार होतं, कारण काही एअरलाइन्स अवॉर्ड तिकिटावर 'कॅरियर सरचार्ज' नावाची मोठी रक्कम लावतात. ब्रिटिश एअरवेजच्या लांब पल्ल्याच्या विमानांवर ती चांगलीच जड असते. सिंगापूर एअरलाइन्सने स्वतःच्या विमानांच्या अवॉर्ड तिकिटांवरचा फ्युएल सरचार्ज 2017 मध्ये काढून टाकला. सरकारी कर मात्र कुणालाच टळत नाहीत. ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानावर एअर पॅसेंजर ड्युटी लागते, आणि बिझनेस क्लासला ती इकॉनॉमीपेक्षा जास्त असते. म्हणून हिशेबात 'फक्त माइल्स' कधीच धरू नका, शेवटच्या पानावरचा रोख आकडा धरा.

बिझनेस क्लासचा हिशेब करताना स्वतःशी प्रामाणिक राहावं लागतं. तिकीट 1,80,000 चं आहे, माइल्सवर 70,000 माइल्स आणि 15,000 रोख. 2:1 ने 1,40,000 पॉइंट्स. 1,65,000 भागिले 1,40,000 म्हणजे जवळजवळ 1.18. आकडा झकास दिसतो. पण ते तिकीट तुम्ही 1,80,000 देऊन कधी काढलं असतंत का? त्या सुखासाठी तुम्ही फार तर 70,000 मोजले असते, तर तुमच्या दृष्टीने वाचले 55,000, आणि पॉइंटची किंमत 0.39 वर येते. तरीही आयुष्यात एकदा पाय पसरून झोपत जायचं असेल तर खुशाल जा, पॉइंट्स त्यासाठीच असतात. फक्त 'प्रत्येक पॉइंटचे 1.18 मिळवले' असं समजून पुढच्या वेळचे निर्णय घेऊ नका.

अजून दोन गोष्टी हिशेबात येतात. रोख तिकिटावर नवे माइल्स आणि कार्डाचे पॉइंट्स मिळतात, अवॉर्ड तिकिटावर सहसा मिळत नाहीत. आणि काही बँका ट्रान्सफरची फी घेतात.

रेशो आणि बोनस

रेशो सगळीकडे सारखा नसतो. एकाच कार्डावर एका एअरलाइनला 1:1 आणि दुसरीला 2:1 असू शकतो. हॉटेलचे पॉइंट्स एअरलाइनकडे पाठवताना तर फार घसरण होते. मॅरियट हॉटेल्सच्या बॉनव्हॉय प्रोग्रामचे 3 पॉइंट्स दिले की बहुतेक एअरलाइन्सचा 1 माइल मिळतो. एकदम 60,000 पाठवले तर 5,000 माइल्स वर मिळतात, ते बहुतेक एअरलाइन्सना. ते पॉइंट्स हॉटेलातच वापरलेले बरे.

वर्षातून काही वेळा बँका 20-30 टक्के ट्रान्सफर बोनस जाहीर करतात. वरच्या उदाहरणात 30 टक्के बोनस असेल तर 30,000 माइल्सना किती पॉइंट्स लागतील? 46,000 पॉइंट्सचे 23,000 माइल्स, त्यावर 30 टक्के, एकूण 29,900. शंभर माइल्स कमी पडले! 47,000 पाठवावे लागतील, म्हणजे 30,550 होतील. ट्रान्सफर बहुधा हजाराच्या पटीत होते, त्यामुळे हा गुणाकार आधी करून बघा. तरी 60,000 च्या जागी 47,000, म्हणजे एका पॉइंटचे 0.83. बोनस खरोखर मोलाचा आहे.

पण बोनसच्या जाहिरातीत शेवटची तारीख ठळक असते आणि ती बघून माणूस घाई करतो. सीट हातात नसताना निव्वळ बोनससाठी पॉइंट्स पाठवू नका. तीस टक्के जास्त माइल्स मिळून सीटच मिळाली नाही तर त्या तीस टक्क्यांचं काय करायचं?

सीट नसतानाही ट्रान्सफर कधी चालते

अशा वेळा थोड्याच आहेत. बँकेचे पॉइंट्स महिन्याभरात एक्सपायर होणार आहेत आणि दुसरा चांगला उपयोग दिसत नाही. किंवा कार्ड बंद करायचं आहे, कारण बऱ्याच कार्डांवर खातं बंद झालं की पॉइंट्सही जातात. किंवा बँकेने जाहीर केलं आहे की अमुक तारखेपासून रेशो निम्मा होणार, आणि येत्या वर्षात तुमचा प्रवास नक्की आहे. किंवा एअरलाइनच्या खात्यात 28,000 माइल्स आहेत आणि दोनच हजार कमी पडताहेत. ते दोन हजार टाकले की तिकीट निघतं.

अशा वेळी निदान जास्त वाटा असणारा प्रोग्राम निवडा. ॲव्हिओस हे एकच चलन ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, कतार एअरवेज, फिनएअर आणि एअर लिंगस वापरतात, आणि खाती जोडली की ते एकीकडून दुसरीकडे नेता येतं. एकाकडे पाठवले तरी बाकीचे दरवाजे उघडे राहतात.

मुदतीचंही बघा. क्रिसफ्लायरचे माइल्स मिळाल्यापासून 36 महिन्यांत संपतात, मध्ये प्रवास केला तरी जुन्यांची मुदत वाढत नाही. ब्रिटिश एअरवेजचे ॲव्हिओस 36 महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर जातात, म्हणजे अधूनमधून थोडे कमावले किंवा वापरले की टिकतात. युनायटेड आणि डेल्टाच्या माइल्सना मुदत नाही.

शेवटची पायरी: ट्रान्सफर आणि बुकिंग

वेळ किती लागतो हे जोडीवर अवलंबून असतं. काही ट्रान्सफर मिनिटाभरात होतात, काहींना दोन-चार दिवस लागतात. बँकेच्या पानावर लिहिलेली मुदत ही कमाल समजा आणि तेवढा वेळ सीट टिकेल का ते मनाशी ठरवा. मी पहिल्यांदा कुठल्याही नव्या प्रोग्रामला किमान पॉइंट्सची एक छोटी ट्रान्सफर आधीच करून ठेवते. खातं नीट जोडलं गेलं का, नाव जुळलं का आणि प्रत्यक्ष किती वेळ लागला, हे सगळं त्या हजार-दोन हजारात कळतं.

मोठी ट्रान्सफर करायच्या पाच मिनिटं आधी सीट पुन्हा एकदा शोधा, अगदी नव्याने, तितकेच प्रवासी टाकून. लागतील तेवढेच पॉइंट्स पाठवा. सभासद क्रमांक टाइप न करता कॉपी-पेस्ट करा. तेवढ्यात सीट गेलीच तर त्याच आठवड्यातल्या कोणत्या दोन तारखा चालतील हे आधी लिहून ठेवा, म्हणजे माइल्स वाया जाणार नाहीत.

तिकीट रद्द करायचे नियमही याच वेळी वाचा. रद्द केलं तर माइल्स एअरलाइनच्या खात्यात परत येतात, बँकेत नाही, आणि बऱ्याचदा फी कापली जाते. काही प्रोग्राममध्ये मधल्या काळात मुदत संपलेले माइल्स परत मिळतच नाहीत. जायचं की नाही हेच पक्कं नसेल तर थांबा. आणि कुणी माइल्स विकत मागितले तर देऊ नका. बहुतेक प्रोग्राममध्ये त्याला बंदी आहे, आणि पकडलं गेलं तर आख्खं खातं बंद होतं.

बुकिंग झालं की सहा अक्षर-आकड्यांचा पीएनआर येतो आणि आपण मोकळं झाल्यासारखं वाटतं. अजून एक काम बाकी असतं. पीएनआर म्हणजे नोंद, तिकीट म्हणजे 13 आकडी ई-तिकीट नंबर. भागीदार एअरलाइनच्या विमानाचं बुकिंग असेल तर हा नंबर यायला कधीकधी काही तास लागतात, आणि क्वचित येतच नाही. दुसऱ्या दिवशी ईमेल उघडून तो 13 आकडी नंबर शोधा. नसेल तर लगेच फोन करा. असेल तर ज्या एअरलाइनचं विमान आहे तिचा वेगळा पीएनआर मागून घ्या, तिच्या साइटवर टाकून नावं आणि तारखा जुळवा, आणि तिथेच आई-बाबांना शेजारशेजारच्या जागा निवडून द्या.